अ‍ॅम्प बदलण्याआधी बॉक्स मोजा: गाडीतल्या सबवूफरचा बास नीट कसा करायचा?



मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी हिंजवडीहून घरी आलो. कान्हे फाट्यावरून आत वळायचं, इंद्रायणीवरचा पूल ओलांडायचा, की थोड्या वेळात आमचं टाकवे बुद्रुक. गल्लीत शिरलो तेव्हाच ‘धुम्... धुम्... धुम्...’ ऐकू यायला लागलं. गाणं कोणतं ते काही कळेना. घरासमोर चुलत भावाची सेकंड हॅन्ड हॅचबॅक उभी होती, डिकी उघडी, आत १२ इंची सबवूफर. गोठ्याचे पत्रे थरथरत होते. आजी ओसरीवर छातीला हात लावून बसलेली. म्हणाली, “बंद कर रे बाबा ते, काळीज हलतंय.”

भाऊ गावाजवळच एका कंपनीत कामाला आहे. दीड महिन्याचा पगार त्याने या सेटअपमध्ये घातला होता आणि तरी तो खूश नव्हता. “दादा, आवाज मोठा आहे, पण मजा नाही. सगळी गाणी सारखीच वाजतात. दुकानवाला म्हणतो अ‍ॅम्प कमी पडतोय, डबल वॉटचा घे.” डबल वॉटचा अ‍ॅम्प १८ हजारांचा, तोही हप्त्यावर. सोमवारी जाऊन उचलायचा असं ठरलंसुद्धा होतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्या कामात एक सवय लागते. अ‍ॅप हळू चालतंय म्हणून लगेच मोठा सर्व्हर घ्यायचा नाही, आधी अडतंय कुठे ते मोजायचं. त्याला म्हटलं, “सोमवारी खुशाल घे, पण उद्याचा रविवार मला दे.”

रविवारी संध्याकाळपर्यंत त्याच सबमधून, त्याच अ‍ॅम्पवर ढोलाची एकेक थाप वेगळी ऐकू यायला लागली. खर्च ४०० रुपयांच्या आत. आम्ही काय काय केलं आणि ते का चाललं, ते या लेखात सांगतो. तुमच्याकडे टेप, मोबाईल आणि साधा मल्टिमीटर असेल तर तुम्हीही करू शकता.

आधी थोडं बासबद्दल

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला किती वेळा थरथर होते ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. सबवूफरचं काम यातल्या अगदी खालच्या टोकाला, साधारण २० ते ८० हर्ट्झमध्ये असतं.

अंदाज यावा म्हणून एक ओळखीचा आवाज सांगतो. रस्त्याकडेच्या डीपीजवळ उभं राहिलं की जी गुणगुण ऐकू येते, ती मुख्यतः १०० हर्ट्झची असते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुप्पट वेगाने थरथरतो. सबवूफर या गुणगुणीच्याही खाली काम करतो. तिथे आवाज कानाला जेवढा कळतो तेवढाच छातीला आणि सीटला कळतो.

आता अ‍ॅम्पचं गणित बघू, कारण पैसे तिथेच जातात. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. फरक जाणवतो, पण आवाज ‘डबल’ होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे वॉट दहापट! ३०० चा अ‍ॅम्प काढून ६०० चा लावला असता, तर भावाला तेच ‘धुम् धुम्’ थोडं अजून जोरात ऐकू आलं असतं. आजीला पण.

बॉक्स का लागतो?

सबवूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबतो, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. सब नुसता हातात धरून वाजवला तर पुढची दाबलेली हवा वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. बास गायब. म्हणून मागची बाजू बंद करायला बॉक्स.

बॉक्सचे मुख्य प्रकार दोन.

पहिला सील्ड, म्हणजे पूर्ण बंद. आतली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी काम करते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर छोटा पण खोल बास देणारा स्पीकर आणला. सील्डचा बास घट्ट आणि आटोपशीर असतो.

दुसरा पोर्टेड, म्हणजे पाईप किंवा फट असलेला. इथे पडद्यामागची हवा वाया न घालवता पाईपमधून कामाला लावतात. बेल लॅब्समधल्या अल्बर्ट थुरास यांना याचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. त्याच वॉटमध्ये जास्त आवाज मिळतो, पण गणित चुकलं तर सगळंच बिघडतं. बाजारातले बहुतेक तयार बॉक्स याच प्रकारचे. भावाचाही.

बाटली फुंकून बघा

पोर्टेड बॉक्स समजायला एक रिकामी पाण्याची बाटली घ्या आणि तोंडावर आडवी फुंकर मारा. ‘हूं’ असा एकच सूर येतो. आता अर्धी बाटली पाण्याने भरा आणि पुन्हा फुंका. सूर चढतो, कारण आतली हवा कमी झाली. बारीक लांब मानेची बाटली मिळाली तर त्याच मापाच्या आखूड मानेच्या बाटलीपेक्षा तिचा सूर खाली लागतो.

बाटलीच्या मानेतली हवा म्हणजे एक वजन, आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. वजन स्प्रिंगवर एका ठरावीक वेगानेच झुलतं. हे एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी मांडलं, म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात.

तुमचा पोर्टेड बॉक्स म्हणजे मोठी बाटली. पाईप ही तिची मान. या बाटलीचा सूर किती हर्ट्झवर लागतो, त्याला म्हणतात बॉक्सचं ट्यूनिंग. त्या सुराच्या आसपास पाईप जोरात बास देतो. त्याच्या बऱ्याच खाली गेलं की पाईपमधून येणारा आवाज उलटा पडतो आणि पडद्याच्या आवाजाला मारतो, म्हणून बास झपकन् उतरतो.

इथेच भावाच्या गाडीचा घोळ होता.

आमच्या बॉक्सचं गणित

अ‍ॅम्प सगळ्यात कमीवर ठेवला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सबचे स्क्रू काढून सब बाहेर घेतला आणि बॉक्सच्या आतून टेप लावली. आतलं माप मोजायचं, बाहेरचं नाही. लाकडाची जाडी आवाजाच्या कामाची नाही.

आतली लांबी ५४ सेंटीमीटर, उंची ३४, खोली ३०. तिन्हींचा गुणाकार ५५,०८० घन सेंटीमीटर. हजाराने भागलं की लिटर, म्हणजे साधारण ५५ लिटर.

यातून आत जागा खाणाऱ्या गोष्टी वजा करायच्या. हे बरेच जण विसरतात.

- सबचं मॅग्नेट आणि बास्केट: साधारण ३ लिटर
- पाईप: साधारण १ लिटर
- कोपऱ्यातल्या लाकडी पट्ट्या: साधारण १ लिटर

उरले ५० लिटर.

मग पाईप. ड्रेनेजला वापरतात तोच ११० एमएमचा पीव्हीसी पाईप लावलेला होता. त्यात वाईट काही नाही, पाईप तो पाईप. आतला व्यास १०.४ सेंटीमीटर. लांबी फक्त १२ सेंटीमीटर.

आता सूत्र. घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं:

पाईपची लांबी = (२३,५६२ × व्यास × व्यास) ÷ (ट्यूनिंग × ट्यूनिंग × लिटर) − (०.७३ × व्यास)

व्यास आणि लांबी सेंटीमीटरमध्ये, ट्यूनिंग हर्ट्झमध्ये. शेवटची वजाबाकी अशासाठी की पाईपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही पाईपसोबत हलते. पाईप असतो त्यापेक्षा हवेला तो जरा लांब वाटतो.

हेच सूत्र उलटं फिरवलं. पाईप १२ सेंटीमीटर, बॉक्स ५० लिटर, तर ट्यूनिंग किती? उत्तर आलं ५१ हर्ट्झ.

गाडीच्या सबसाठी सर्वसाधारणपणे ३२ ते ३८ हर्ट्झच्या आसपास ट्यूनिंग ठेवतात. आमचा बॉक्स ५१ वर. म्हणजे ५० च्या आसपास आवाजाचा मोठा उंचवटा, आणि ४५ च्या खाली जवळपास काहीच नाही. गाण्यात बासचा कोणताही सूर आला तरी हा बॉक्स आपलाच ‘धुम्’ वाजवणार. सगळी गाणी सारखी का वाटत होती, ते कळलं ना? यात अ‍ॅम्पचा काहीच दोष नव्हता. तो बिचारा दिलेलं काम करत होता.

मोबाईलने खात्री करा

कॅल्क्युलेटरवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. माप चुकू शकतं. प्रत्यक्ष बॉक्स किती हर्ट्झवर बोलतोय हे बघायची सोपी युक्ती आहे: ट्यूनिंगच्या हर्ट्झवर सबचा पडदा सगळ्यात कमी हलतो. तिथे सगळं काम पाईपमधली हवा करत असते.

आम्ही असं केलं:

१. सब परत बसवला. पडद्यावर तांदळाएवढा पांढरा स्टिकर लावला.
२. मोबाईलवर टोन जनरेटरचं एक फुकट अ‍ॅप घेतलं आणि गाडीच्या स्टिरिओला जोडलं. अ‍ॅम्पचा बास बूस्ट बंद, आवाज अगदी कमी.
३. ७० हर्ट्झपासून सुरुवात करून २-२ हर्ट्झने खाली आलो.
४. दुसऱ्या मोबाईलवर स्लो मोशनमध्ये पडद्याचा बाजूने व्हिडिओ घेतला. स्टिकर हलताना जी रेघ दिसते, तिची लांबी बघायची.
५. पाईपसमोर वर्तमानपत्राची एक पट्टी धरली.

७० ला स्टिकरची छान रेघ. ६० ला लहान. ५२ ला पडदा जवळपास थांबलेला, आणि पाईपसमोरची कागदाची पट्टी मात्र फडफडतेय! भाऊ दोन मिनिटं बघतच राहिला. ४४ ला पडदा पुन्हा वेड्यासारखा हलायला लागला.

गणित ५१, प्रत्यक्षात ५२. टेपचं माप आहे म्हटल्यावर हे चांगलंच जुळलं.

एक सूचना: ही चाचणी मोठ्या आवाजात करू नका. ट्यूनिंगच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही, तो गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो आणि सब कायमचा बिघडू शकतो.

पाईप किती लांब?

आम्ही ३५ हर्ट्झ ठरवलं. सूत्रात घातलं: पाईप ३४ सेंटीमीटर हवा. १२ चा ३४, म्हणजे जवळपास तिप्पट.

आता अडचण. बॉक्सची खोली ३० आणि पाईप ३४ चा. वर पाईपचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यात निदान पाईपच्या व्यासाएवढी जागा सोडावी लागते, नाहीतर हवा गुदमरते. उपाय हार्डवेअरच्या दुकानात मिळाला: ११० एमएमचा एल्बो. पाईप आत नेला, एल्बोने वर वळवला, वरच्या पाट्यापासून १० सेंटीमीटर आधी थांबवला. वळणाच्या पाईपची लांबी मधल्या रेषेवरून मोजायची. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने मोजली तर चुकते.

लांब झालेल्या पाईपने बॉक्समधली आणखी २ लिटर जागा खाल्ली, म्हणजे बॉक्स ४८ लिटरचा राहिला. पुन्हा हिशेब केला तर ३५.७ हर्ट्झ. एवढा फरक चालतो.

भावाने रास्त प्रश्न विचारला: “दादा, मग ६ इंचीच पाईप टाकू ना, जास्त हवा येईल.” विचार बरोबर आहे. पाईप बारीक असेल तर मोठ्या आवाजात हवा जोरात धावते आणि तोंडाशी ‘फुस्स फुस्स’ असा आवाज येतो. पण १५ सेंटीमीटर व्यास सूत्रात घालून बघा. त्याच ट्यूनिंगला पाईपची लांबी येते ७५ सेंटीमीटर! ५४ च्या बॉक्समध्ये तो मावणार कसा, आणि मावला तरी बॉक्समध्ये हवा किती उरणार? मोठा पाईप हवा तर मोठा बॉक्स हवा, आणि मोठा बॉक्स म्हणजे डिकी गेली. काकूंचे भाताचे कट्टे त्याच डिकीतून येतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आम्ही ४ इंचीवर राहिलो. अगदी फुल आवाजात थोडं ‘फुस्स’ ऐकू येतं, ते मान्य केलं.

मावळातला पाऊस आणि एमडीएफ

सब बाहेर काढला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. बॉक्सचा खालचा कोपरा फुगला होता. डिकीच्या रबरातून पाणी झिरपत होतं आणि बॉक्स होता एमडीएफचा.

इंटरनेटवर बघाल तर सगळीकडे एमडीएफच सांगतात, आणि ते चूक नाही. एमडीएफ जड असतो, सगळीकडे सारखा असतो, कमी थरथरतो. पण आपल्याकडचा पाऊसही लक्षात घ्या. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टाकव्यात तेवढा नसला तरी चार महिने हवेत ओल असतेच. एमडीएफने एकदा पाणी प्यायलं की तो फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. जोड सुटतो आणि तिथून हवा गळते.

गळती शोधायला उदबत्ती पुरते. सब हळू आवाजात ४०-५० हर्ट्झवर वाजवा आणि उदबत्ती सगळ्या जोडांवरून फिरवा. पाईपसमोर धूर हलणारच, पण इतर कुठे तो फरफटला तर तिथे फट आहे. आमच्याकडे फुगलेल्या कोपऱ्यात आणि वायरच्या टर्मिनलभोवती सापडली. सुकवून, घासून, आतून सिलिकॉन सीलंट भरलं. सीलंट लावल्यावर दिवसभर सुकू द्यायला हवं. आम्ही सकाळी लावून संध्याकाळी घाईने वाजवलं, पुढच्या शनिवारी एका जागी परत भरावं लागलं. ती घाई तुम्ही करू नका.

नवा बॉक्स करणार असाल तर आमच्या भागात मी १८ एमएमचा चांगला वॉटरप्रूफ प्लाय सुचवेन. एमडीएफच वापरायचा असेल तर आतून-बाहेरून, विशेषतः कापलेल्या कडांना, सीलर किंवा ऑइल पेंट मारून घ्या.

आता अ‍ॅम्पकडे या

बॉक्स झाल्यावर अ‍ॅम्पची बटणं. यात चार गोष्टी बघायच्या.

लो पास फिल्टर: ८० हर्ट्झच्या आसपास. याच्या वरचं काम दाराच्या स्पीकरचं. हा जास्त वर ठेवला तर गाणाऱ्याचा आवाजही डिकीतून आल्यासारखा वाटतो.

सबसॉनिक फिल्टर: पोर्टेड बॉक्सला हा हवाच. ट्यूनिंगच्या जरा खाली ठेवा. आम्ही २८ ते ३० च्या मध्ये ठेवला. ट्यूनिंगखाली पडदा मोकाट सुटतो ते वर पाहिलंच, त्याला लगाम हा फिल्टर घालतो.

बास बूस्ट: शून्य. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे तेवढ्या भागात चौपट वॉट मागणं, १२ डेसिबल म्हणजे जवळपास सोळापट. अ‍ॅम्प ते देऊ शकत नाही. मग तो लाटेची टोकं कापतो आणि आवाज फाटतो. आमच्याकडे दुकानातून येतानाच हा फुल होता.

गेन: हे आवाज वाढवायचं बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची जुळवणी करण्यासाठी ते असतं. ते मल्टिमीटरने लावता येतं. अ‍ॅम्पचा आरएमएस वॉट बघा, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘मॅक्स’ नाही. आमचा ४ ओहमला ३०० वॉट आरएमएस. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. सबच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढा, स्टिरिओ पाऊण आवाजावर, मोबाईल फुल, ५० हर्ट्झचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि ३४ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. तिथे थांबा. सबच्या वायरी एकमेकींना लागू देऊ नका.

आणि एक गोष्ट ज्यात काटकसर चालणार नाही: फ्यूज. ३०० वॉट आरएमएसचा अ‍ॅम्प फुल वाजताना ३० अँपियरच्या आसपास करंट ओढू शकतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची जाड वायर कुठे घासली गेली आणि फ्यूज नसेल तर गाडी पेट घेऊ शकते. फ्यूज बॅटरीच्या जवळ, दीड फुटाच्या आत हवा. अ‍ॅम्पजवळच्या फ्यूजने ही वायर वाचत नाही. भावाच्या गाडीत बॅटरीजवळ फ्यूज नव्हताच. आवाजाचं सोडा, हे बघून मला घाम फुटला. पाईपच्या आधी तो बसवला.

तुमचा सब पोर्टेडचा की सील्डचा?

प्रत्येक सबसोबत एक कागद येतो, त्यावर एफएस, क्यूटीएस, क्यूईएस, व्हीएएस असे आकडे असतात. यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातले इंजिनियर नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पोर्टेड बॉक्सचं गणित मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पुढे नेलं. त्याआधी बॉक्सचं काम बरंचसं अंदाजाने, करून बघत चालायचं.

यातला एक झटपट हिशेब लक्षात ठेवा: एफएस भागिले क्यूईएस. उत्तर ५० च्या खाली आलं तर सब सील्डसाठी बरा, ९०-१०० च्या वर गेलं तर पोर्टेडसाठी, मधे असेल तर दोन्ही चालतं. भावाच्या सबचा एफएस ३२ आणि क्यूईएस ०.५, म्हणजे ६४. चालणारा होता. तुमचा आकडा ४० आला आणि दुकानदार तयार पोर्टेड बॉक्स गळ्यात मारत असेल, तर नको म्हणा. हा अंदाज आहे, अंतिम निकाल नाही, पण दुकानात उभं राहून करता येतो हे महत्त्वाचं.

आजीची बाजू

संध्याकाळी पुन्हा टोन लावून बघितला. पडदा आता ३६ हर्ट्झवर थांबत होता. मग गणपतीतल्या ढोल-ताशाचं एक रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसता गदारोळ यायचा, आता टिपरू कुठे पडलं आणि हात कुठे पडला ते वेगळं कळत होतं. मजा अशी की भावाने स्टिरिओ आधी ३० वर ठेवलेला असायचा, आता २० वरच तो म्हणाला, “बस्, एवढं पुरे.” बास खालपर्यंत सारखा मिळाला की तो रेटून वाजवावा लागत नाही.

आवाजाबद्दल एक धोक्याची गोष्ट. मोबाईलवरचं डेसिबल अ‍ॅप बासच्या बाबतीत तुम्हाला फसवतं. ही अ‍ॅप बहुतेक वेळा कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजतात, म्हणजे ‘ए-वेटिंग’ वापरतात. त्यात ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. शिवाय मोबाईलचा माईक खालचे सूर नीट पकडतही नाही. अ‍ॅपवर ८० दिसतंय म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. गाडीतून उतरल्यावर कानात ‘कुंई’ आवाज राहत असेल तर ते जास्त झालंय. भावाला तो महिनाभर येत होता, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आवाज राहत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि बास भिंतीतून जातो. ३५ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास १० मीटर असते, तिला पत्रा आणि विटा फारशा अडवत नाहीत. तुमच्या गाडीच्या काचा बंद असल्या तरी शेजारच्या घरात तो पोचतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. गल्लीत उभ्या गाडीतून सब वाजवून ही मर्यादा ओलांडायला काही वेळ लागत नाही.

थोडक्यात, याच क्रमाने करा

१. बॅटरीजवळ फ्यूज आहे का ते बघा. नसेल तर बाकी सगळं नंतर.
२. बॉक्सचं आतलं माप घ्या, आतल्या वस्तू वजा करा, लिटर काढा.
३. पाईपचा आतला व्यास आणि लांबी मोजा, ट्यूनिंग काढा.
४. मोबाईलच्या टोनने आणि स्लो मोशनने खात्री करा.
५. गरज असेल तर पाईप बदला. फटी बुजवा आणि सुकू द्या.
६. फिल्टर, गेन लावा, बास बूस्ट बंद करा.
७. एवढं करूनही आवाज कमी वाटला, तरच अ‍ॅम्पचा विचार करा.

भाऊ सोमवारी दुकानात गेला नाही. ठरलेल्या पैशांतून त्याने डिकीचं गळणारं रबर आधी बदललं. आजी आता त्याला एकच अट घालते: वाजवायचं असेल तर गाडी पुलापलीकडे ने.